स्लॅबला मारलेला पांढरा कूल रूफ कोट: नागपूरचा एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतरचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू लिहायला मी मुद्दाम वर्षभर थांबले. एप्रिलमध्ये कोट मारून मेमध्ये पाच स्टार देणारे खूप आहेत, पण त्याच स्लॅबवर पुढे जुलै येतो, म्हणून एक पूर्ण उन्हाळा पाहिला, पावसाळा पाहिला, थंडी पाहिली, पुढचा मार्च लागल्यावर स्लॅब धुवून परत मोजमाप घेतलं आणि मग लिहायला बसले. लांब होईल, पण ज्यांच्या घरात वरच्या मजल्यावर कोणी म्हातारं माणूस नाहीतर लहान लेकरू झोपतं त्यांनी तरी पूर्ण वाचा.

वस्तू म्हणजे स्लॅबवर मारायचा पांढरा, ऊन परतवणारा कोट. दुकानात कूल रूफ पेंट म्हणा किंवा हीट रिफ्लेक्टिव्ह कोटिंग म्हणा, तेच काढून देतात. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण मी तीन कंपन्यांच्या बादल्या पाहिल्या, डब्यावरचा मजकूर जवळपास सारखाच, आणि खरा फरक पडतो तो लावणाऱ्याच्या हातात. माझी दोन कामं झाली, एक २०२४ मध्ये फसलं आणि एक २०२५ मध्ये जमलं, दोन्ही सांगते.

पण आधी हे का करावं लागलं ते.

२२ सप्टेंबर २०२३ ची रात्र नागपूरच्या लोकांना वेगळी सांगायला नको. मध्यरात्रीनंतर जो पाऊस लागला तो चार-पाच तासांत शंभर मिलिमीटरच्या आसपास पडला, अंबाझरी ओसंडला, नाग नदी पात्र सोडून वस्त्यांमध्ये शिरली, सकाळी एनडीआरएफ आणि लष्कराचे जवान लोकांना घरातून काढत होते. आमचं घर अंबाझरीच्या खालच्या अंगाला. खालच्या बेडरूममध्ये आई झोपल्या होत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७८, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. फ्रिज आडवा पडल्याच्या आवाजाने आम्हाला जाग आली तोवर पाणी पलंगाच्या पाटीला लागलं होतं. लाइट गेलेली, मोबाइलच्या उजेडात नवऱ्याने आणि मुलाने आईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्याने वर नेलं, एकेक पायरी, आणि त्या सगळा वेळ एकच विचारत होत्या, "अगं माझ्या गोळ्यांचा डबा घेतला का?" डबा तरंगत होता. तो दुसऱ्या दिवशी चिखलात सापडला.

त्यानंतर आईंना परत खाली झोपवायची माझी हिंमत झाली नाही. वरची खोली त्यांना दिली, तिथेच बाथरूममध्ये धरायला दांडे बसवले, इन्व्हर्टर वर हलवला, कागदपत्रं वर, खालचे प्लग पॉइंट कमरेच्या वर घेतले. पावसाचा प्रश्न सुटला असं वाटलं आणि मग आला २०२४ चा उन्हाळा.

वरची खोली म्हणजे डोक्यावर उघडा स्लॅब. नागपूरचा ऑलटाइम रेकॉर्ड आहे ४७.९ डिग्री, मे २०१३ मधला, आणि ४४-४५ तर आम्ही दरवर्षी काढतोच, त्यामुळे दुपारचं ऊन आम्हाला नवीन नाही. दुपट्टा बांधायचा, कैरीचं पन्हं घ्यायचं, बारा ते पाच बाहेर पडायचं नाही हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. अवघड असते ती रात्र. काँक्रीट दिवसभर ऊन पिऊन घेतं आणि ते खाली पोचायला काही तास लागतात, म्हणजे बाहेर संध्याकाळी जरा वारा सुटतो तेव्हा नेमका छताचा खालचा भाग तापायला लागतो. रात्री अकराला पंखा लावला की छताची गरम हवाच अंगावर येते. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री तरी गारवा मिळायला पाहिजे, तो मिळाला नाही की दुसऱ्या दिवशी माणूस आधीच थकलेला उठतो, आणि म्हाताऱ्या माणसाला तर तहानसुद्धा नीट कळत नाही.

३० मे २०२४ ला नागपुरात एका स्वयंचलित केंद्रावर ५६ डिग्रीची नोंद झाल्याची बातमी फिरली होती, आठवत असेल. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं, बाकीच्या केंद्रांवर ४४ च्या आसपासच होतं. सगळे त्या ५६ वरच बोलत राहिले, पण आमच्या घरात तोवर ४४ नेच काम केलं होतं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आईंना घरात बसल्या बसल्या ऊन लागलं. उंबऱ्याबाहेर पाय ठेवला नव्हता बरं का. सकाळी बोलताना अडखळायला लागल्या, मला वाटलं अर्धांगवायू, पळत दवाखान्यात नेलं तर अंगातलं पाणी आणि सोडियम दोन्ही खाली आलेलं. दोन दिवस सलाइन. डॉक्टरांनी तेव्हा त्यांची बीपीची एक गोळी बदलून दिली, लघवी जास्त करवणारी होती ती, आणि सांगितलं की अशी औषधं चालू असतील तर उन्हाळ्याआधी एकदा दाखवून जायचं. हे मला आधी माहीत नव्हतं. तुमच्याही घरी बीपी, हार्टच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना नक्की विचारा, स्वतःच्या मनाने मात्र काही बंद करू नका.

दवाखान्यातून आल्यावर मी घाईघाईत पहिलं काम करवून घेतलं आणि तिथेच चुकले. जून तोंडावर आला होता. एका ठेकेदाराने एक दिवसात काम होईल म्हणून सांगितलं, दोन पोरं आली, झाडू मारला, बादलीत पाणी ओतलं, किती ओतलं ते मी पाहायलाही गेले नाही, आणि भर दुपारी रोलर फिरवून चार वाजता पैसे घेऊन गेले. ना वायर ब्रश, ना प्रायमर, ना भेगा भरल्या. दिसायला स्लॅब पांढराशुभ्र. जुलैच्या दुसऱ्या झडीत त्याचे पोपडे निघून आउटलेटच्या जाळीत अडकले, पाणी स्लॅबवर तुंबलं आणि आईंच्याच खोलीत कोपऱ्यातून टपकायला लागलं. ज्या स्लॅबखाली पुरापासून वाचवायला आईंना आणलं तिथे मी पलंगाशेजारी बादली लावून बसले होते. ठेकेदाराने फोन उचलणं बंद केलं. १४,००० रुपये गेले.

मी शाळेत विज्ञान शिकवते, हवा एक डिग्रीने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे पडताना पाऊस एकदम कोसळतो, हे मी दरवर्षी पोरांना फळ्यावर सांगते. पण ते स्वतःच्या छताला लावून पाहायला मला ती बादली लागली. ऊन आणि पाऊस ही आम्ही घरात दोन वेगळी कामं धरली होती, उन्हाचं काम पेंटरला, गळतीचं मिस्त्रीला, आणि दोघांनी एकमेकांच्या कामाची वाट लावली. दोन्ही एकाच स्लॅबवर येऊन पडतात तर काम एकत्रच करायला पाहिजे, एकाच माणसाच्या देखरेखीत.

म्हणून दुसऱ्या वेळी २०२४ ची दिवाळी झाल्यापासूनच मिस्त्री शोधायला लागले. एक वयस्कर मिस्त्रीकाका मिळाले, वॉटरप्रूफिंगचंच काम करतात, ते आले आणि रंगाचं काही न बोलता आधी स्लॅबवर चार बादल्या पाणी ओतून तासभर बसून राहिले. पाणी कुठे थांबतं ते खडूने गोल काढून दाखवलं, तीन ठिकाणी ढाळ उलटा होता. मग म्हणाले, "ताई, रंग शेवटी. आधी पाण्याला रस्ता द्या."

काम फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सुरू केलं. वायर ब्रशने जुना कोट आणि काळं शेवाळ खरवडून काढलं, यालाच दोन दिवस लागले. पाण्याने धुवून वाळू दिलं. भेगा व्ही आकारात कोरून भरल्या, मोठ्या भेगांवर फायबरची जाळी चिकटवली. स्लॅब आणि कठड्याच्या कोनात वाटा केला, म्हणजे सिमेंटची गोलाई, कारण पाणी सगळ्यात जास्त त्या कोनातून उतरतं. ढाळ दुरुस्त केला. मग प्रायमर, मग पांढऱ्या कोटचा पहिला हात उभा आणि दुसरा आडवा, दोघांत चोवीस तासांचं अंतर, आणि कडेला, पाइपांच्या बुडाशी तिसरा हात. रंग लावला सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर, मधल्या उन्हात हात लावला नाही, तापलेल्या स्लॅबवर कोट धड बसायच्या आतच वाळतो आणि त्याला फोड येतात असं काकांचं म्हणणं. डब्यावर जितकं लिहिलंय तितकंच पाणी, ते मी समोर उभी राहून मापाने टाकायला लावलं आणि काकांनीही वाईट वाटून घेतलं नाही.

खर्च सांगते, लोक हेच विचारतात. हजार फुटाला २० लिटरच्या तीन बादल्या लागल्या, ५,२०० ची एक, म्हणजे १५,६००. प्रायमर, भेगांचं मटेरियल, जाळी मिळून ६,४००. मजुरी ९,०००. झाले ३१,०००. त्यावर एक नवीन आउटलेट फोडून चार इंची पाइप खाली आणला त्याचे ४,५०० वेगळे. एकूण साडेपस्तीस हजार. एसीपेक्षा स्वस्त म्हणतात पण साडेपस्तीस हजार ही लहान रक्कम नाही, आमच्या घरातही त्या वर्षीचा एक प्रवास रद्द केला.

आता उन्हाळ्याचा निकाल.

कोविडमधलं कपाळाला धरायचं थर्मामीटर स्लॅबला चालत नाही, ते ४२-४३ च्या वर दाखवतच नाही, म्हणून मी हजाराच्या आत मिळणारी इंडस्ट्रियल लेझर गन घेतली. टाकीच्या मागे दोन बाय दोनचा तुकडा मुद्दाम कोरा ठेवला होता तुलनेसाठी. २०२५ च्या एप्रिलमध्ये, तिसऱ्या आठवड्यात, पारा ४४ च्या वर गेला होता तेव्हा दुपारी तीनला कोरा तुकडा ६२ आणि पांढरा स्लॅब ४६. चप्पल काढून पाय ठेवला, पांढऱ्यावर उभं राहता आलं, कोऱ्यावर एक सेकंदही नाही. रात्री नऊला खालून छत मोजलं, जिन्यावरचं कोट न मारलेलं छत ४१ आणि आईंच्या खोलीचं ३६. खोलीतली हवा कुलर बंद असताना रात्री दहाला ३४-३५ दाखवायची, आदल्या वर्षी भिंतीवरचं तेच थर्मामीटर ३८-३९ दाखवत होतं. दोन वर्षांचं ऊन सारखं नसतं हे मान्य, आणि माझी गन काही प्रयोगशाळेची नाही, म्हणून आकड्यांपेक्षा मी हे सांगते की आई रात्री झोपायला लागल्या. २०२४ मध्ये रात्री तीन-तीनदा उठून ओला टॉवेल मागायच्या, २०२५ च्या एप्रिलमध्ये एकदाही मागितला नाही.

कुलर सुटला का? नाही. ज्यांना वाटतं पांढरा कोट मारला की कुलर-एसीची गरजच संपते त्यांनी पैसे टाकायच्या आधी हे समजून घ्या. कोटने खोली काही डिग्रीने उतरते, पण दिवसा बाहेर ४४ असेल तर ती रात्री ३४ वर येते, २४ वर नाही. फरक हा की आधी कुलर गरम छताशी भांडत बसायचा, आता अर्ध्या तासात खोली बसण्यासारखी होते. आणि कोट फक्त छताचं ऊन अडवतो, पश्चिमेची भिंत तशीच तापते, तिथे आम्ही खिडकीला बाहेरून वाळ्याची ताटी आणि भिंतीसमोर हिरवी जाळी लावली. जाळी खिडकीच्या आतून लावू नका, बाहेरून लावा, ऊन काचेच्या आत आल्यावर अडवून उपयोग काय. (कुलरबद्दल एवढंच, अर्थिंग तपासा. आमच्या विदर्भात कुलरचा करंट लागून माणूस गेल्याची बातमी दर उन्हाळ्यात वाचावी लागते आणि दर वेळी जीव तुटतो. पाणी भरताना प्लग काढायचाच.)

पहिला पाऊस पडून गेला की कुलर निकामी होतो, हे सगळ्यांना माहीत आहे, हवा आधीच ओली असली की पाणी उडत नाही आणि पाणी उडालं नाही की गारवा नाही. जूनमधले ते चिपचिपे दिवस, ढग आहेत, वारा नाही, ३८ डिग्री, मला मेपेक्षा वाईट वाटतात. त्या दिवसांत कोटचा उपयोग मला सगळ्यात जास्त जाणवला. पांढऱ्या स्लॅबला दमट हवेशी घेणंदेणं नाही, मधेच ऊन पडलं तर ते परतवायचं काम तो करतोच.

आता पाऊस. हजार फुटाच्या स्लॅबवर शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे किती पाणी होतं हे मी एकदा कागदावर काढलं, साधारण ९,३०० लिटर. जवळपास एक टँकर. २०२३ सारखा पाऊस आला तर एवढा टँकर चार-पाच तासांत तुमच्या छतावर ओतला जाणार आणि तो दोन-तीन पाइपांतून खाली जायला पाहिजे. आमच्याकडे आधी दोन आउटलेट होते, त्यातलं एक बांधकामाच्या वेळेपासून सिमेंटने अर्धं बुजलेलं निघालं, वीस वर्षं आम्हाला पत्ता नाही. तिसरं फोडायला काकांनी लावलं तेव्हा नवऱ्याला तो खर्च फालतू वाटला होता.

२०२५ च्या जुलैत, दुसऱ्या आठवड्यात, नागपुरात पावसाने परत तसाच जोर धरला, शाळांना सुट्टी दिली होती. रात्री मी टॉर्च घेऊन दर तासाला स्लॅबवर. तिन्ही पाइपांतून धो धो पाणी चाललेलं, स्लॅबवर कुठेही बोटभरसुद्धा साचलेलं नाही. खाली आले, आईंच्या खोलीचा तो कोपरा हाताने चाचपला. कोरडा. आई जाग्याच होत्या, म्हणाल्या, "झोप आता, मी पाहते गोळ्यांकडे." डबा उशाशी घेऊन बसल्या होत्या. खरं सांगते, मला तिथेच रडू आलं.

खालच्या मजल्यात त्या रात्री पाणी आलं नाही, पण ते काही कोटमुळे नाही. नदीचं पात्र, नाले, तलावाचा सांडवा हे महापालिकेचं आणि सरकारचं काम आहे आणि ते आम्ही कितीही बादल्या रंग आणला तरी घरून होणार नाही. हे लिहून ठेवते कारण हल्ली लोक एकमेकांना सांगतात की घर नीट करा म्हणजे झालं.

तक्रारी आहेत, त्या सांगते. दुपारी बाराला स्लॅबवर गेलं की डोळे दिपतात, गॉगल लागतोच, आणि बाजूच्या उंच घरातल्या काकूंच्या खिडकीत चमक जाते म्हणून त्यांनी दोनदा बोलून दाखवलं, मग त्या बाजूला कठड्यावर जाळी बांधून दिली. पावसात कोट निसरडा होतो, आईंना तर वर जाऊच देत नाही, आपणही जपून. कुरडया, सरगुंडे वाळायला टाकायचे तर थेट स्लॅबवर टाकू नका, आम्ही खाट टाकून त्यावर सुती साडी पसरतो. थंडीत खोली आधीपेक्षा गार वाटली, डिसेंबरमध्ये एक जास्तीची गोधडी लागली, नागपूरच्या हिशोबाने हा तोटा मी आनंदाने घेईन.

सगळ्यात मोठी तक्रार धुळीची. वर्षभरात पांढरा स्लॅब राखाडी झाला. यंदा मार्चच्या सुरुवातीला, बाहेर ३७ असताना, कोरा तुकडा ५५ होता आणि मळलेला पांढरा ४४. साध्या पाण्याने आणि मऊ कुंच्याने धुतला, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला ३९. म्हणजे नुसत्या धुण्याने पाच डिग्री परत मिळाले. हे दुकानदार सांगत नाही, त्याला तुम्ही परत बादली घ्यावी असं वाटतं. दर वर्षी होळीच्या सुमारास धुवायचा, तार ब्रश किंवा ॲसिड अजिबात नाही. आणि स्लॅबचं पाणी विहिरीत किंवा बोअरला सोडत असाल तर नव्या कोटवरचं पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी बाहेर जाऊ द्या.

वेळेबद्दल फार महत्त्वाचं. आपल्याकडे सगळे मृगाचा हिशोब धरतात, सात जूनच्या आधी आठ दिवस मिस्त्री बोलावतात. २०२५ ला मान्सून मुंबईत २६ मेलाच पोचला, आणि विदर्भात मार्च-एप्रिलच्या अवकाळी पावसाचा तर काहीच भरवसा राहिलेला नाही. आमच्याही कामात दुसऱ्या हाताच्या आदल्या संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं, काकांनी काम दोन दिवस पुढे ढकललं, पाऊस आला नाही पण त्यांनी ढकललं ते बरोबरच केलं. फेब्रुवारी हा महिना धरा. तेव्हा मिस्त्रीही रिकामे असतात आणि भावही जरा बरा लागतो.

आता पत्र्याच्या घराचं. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंचं घर अडीचशे फुटांचं, डोक्यावर टिनाचा पत्रा. काँक्रीट निदान संध्याकाळपर्यंत वेळ तरी देतं, पत्रा सकाळी दहालाच आत आग ओकायला लागतो. आमच्या तिसऱ्या बादलीत थोडा रंग उरला होता, त्यात अर्धी बादली अजून विकत घेतली आणि मुलाने आणि ताईंच्या भावाने मिळून एका रविवारी काम केलं. पत्र्याला आधी गंज घासून गंजरोधक प्रायमर लागतो, नाहीतर कोट सालासारखा निघतो. स्क्रूंच्या खालचे जुने रबर वॉशर बदलले, कारण तिथूनच गळतं, आणि पत्र्यावर उभं राहायचं नाही, फळी टाकून त्यावर बसायचं. खर्च सगळा मिळून ५,००० च्या आतच झाला. दुपारी दोनला आतून पत्रा आधी ५७ होता, नंतर ४३. ताईंची मुलगी दहावीला आहे, ती आधी दुपारी मंदिराच्या ओट्यावर जाऊन अभ्यास करायची, आता घरी करते. स्लॅबचं मला जेवढं समाधान आहे त्यापेक्षा याचं जास्त आहे, कारण त्या घरात एसी येणार नाही, इन्व्हर्टर येणार नाही, आणि ऊन त्यांच्यावर आमच्यापेक्षा जास्त पडतं.

ज्यांना तेवढे पैसेही जमत नाहीत त्यांनी चुना मारावा. चुना, त्यात डिंक, दोन हात, उन्हाळ्यापुरतं काम करतो, पावसात धुवून जातो आणि गळती थांबवत नाही, पण त्या एका उन्हाळ्यासाठी फरक नक्की पडतो. अहमदाबादेत २०१० च्या उष्णतेच्या लाटेत फार माणसं गेली, त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने हीट ॲक्शन प्लॅन केला, आणि पुढे तिथल्या गरीब वस्त्यांच्या छतांना पांढरा रंग मारायचं काम त्यात आलं. तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफची पॉलिसीच आणली, सरकारी आणि मोठ्या इमारतींना ते सक्तीचं केलं. आमच्या नागपुरातही उन्हाळ्याचा प्लॅन आहे, सिग्नलवर हिरवी जाळी बांधतात, दुपारी बागा उघड्या ठेवतात, चांगलंच आहे, पण सिग्नलवर माणूस दोन मिनिटं थांबतो आणि पत्र्याखाली रात्र काढतो. घरकुलाचे पैसे देताना त्यातच छताच्या पांढऱ्या कोटचे आणि आउटलेटचे पैसे धरले तर किती घरं सुधारतील, हे मी आमच्या नगरसेवकांना लेखी दिलंय, उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.

रेटिंग द्यायचंच तर वस्तूला पाचपैकी चार, एक कापला तो धुळीसाठी आणि डब्यावर पाच वर्षं लिहितात पण धुण्याबद्दल एक ओळ लिहीत नाहीत यासाठी. मिस्त्रीकाकांना पाचपैकी पाच, त्यांचा नंबर इथे टाकत नाही, त्यांना विचारल्याशिवाय बरं दिसत नाही. मिस्त्री निवडताना एकच पाहा, तो आधी पाण्याची बादली मागतो की रंगाची.

ताईंच्या शेजारच्या दोन घरांच्या पत्र्यांचं माप काल घेऊन आलो, ३१० आणि २२५ फूट. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला काम सुरू करायचंय, नागपुरात कोणाकडे उरलेली बादली किंवा जुने रोलर पडून असतील तर कळवा, मुलगा स्कूटरवर येऊन घेऊन जाईल.